दुधाचा पेला आणि रक्ताचा रिपोर्ट

पोरी, बाळाचा रिपोर्ट पाहिला. पंधरा महिन्यांचं लेकरू आणि हिमोग्लोबिन ९.२. खाली तू लिहिलंयस, "आत्या, आमच्या घरात काय कमी आहे गं?" काही कमी नाही. तिथेच तर घोळ आहे. जन्मभर लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले, फिकट, बारक्या लाल पेशींच्या ज्या काचा आल्या त्यांतल्या कितीतरी काचांवरचा पत्ता चांगल्या सोसायटीचा असे, आणि आई दारातच सांगे, "बाकी काही खात नाही हो, पण दूध मात्र भरपूर पितो."

तुला आकडे लागतात, तर घे. केंद्र सरकारनं २०१६ ते २०१८ मध्ये लहान मुलांच्या पोषणाची देशभर पाहणी केली, आणि तीही शिरेतून रक्त घेऊन. एक ते चार वर्षांच्या मुलांत ४१ टक्क्यांना अ‍ॅनिमिया निघाला. तो गरीब घरांत जास्त होता, हे अपेक्षितच. पण नुसतं लोह किती कमी आहे हे पाहिलं, तेव्हा शहरातली आणि सर्वांत सधन घरांतली मुलं गरिबाघरच्या मुलांच्या पुढे निघाली. (महाराष्ट्रातल्या ६८.९ टक्के मुलांना अ‍ॅनिमिया असल्याचा २०१९-२१ च्या पाहणीतला आकडा तू कुठेतरी वाचशील. तिथे बोट टोचून थेंब घेतला होता आणि थेंब दाबून काढला की पातळ होतो, म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून भांडू नकोस.)

आता माझं ऐक. सगळं एका दमात करायला जाऊ नकोस. फ्रिजवर लाव आणि रोज एक वाच.

१. वर्ष पूर्ण होईपर्यंत गाई-म्हशीचं दूध बाळाचं मुख्य अन्न करायचं नाही — त्यात लोह नावापुरतं असतं, आणि काही बाळांच्या आतड्यातून त्या दुधामुळे डोळ्यांना न दिसणारं रक्त रोज थोडं थोडं झिरपतं.

२. वर्षानंतर दिवसाचं दूध अर्ध्या लिटरच्या आत — लिटरभर दुधात लोह साधारण अर्धा मिलिग्रॅम, आणि एक ते तीन वर्षांच्या मुलाची रोजची गरज आयसीएमआरनं सांगितली आहे ८ मिलिग्रॅम. आता तूच इंजिनीअर आहेस, गणित कर.

३. बाळासाठी अर्ध्या लिटरची वेगळी पिशवी ठेव. ती संपली की त्या दिवसाचं दूध संपलं — तू पाजतेस, सासूबाई पाजतात, सांभाळणाऱ्या मावशी पाजतात, आणि तिघींची बेरीज कुणीच करत नाही.

४. "जेवला नाही, निदान दूध तरी पोटात जाऊ दे" हे वाक्य घरातून हद्दपार कर — तोंड फिरवलं की बाटली येते हे लेकराला दोन दिवसांत कळतं, आपल्याला दोन वर्षं कळत नाही.

५. झोपेतली बाटली सर्वांत आधी बंद — रात्रभर दूध पिऊन उठलेल्या मुलाला सकाळी भूक नसते, आणि दात किडतात ते वेगळंच.

पहिले चार-पाच दिवस ते रडेल. सोसायटीला ऐकू जाईल. शेजारच्या काकू विचारायला येतील. जावईबापू रात्री दोन वाजता म्हणतील, "आजच्या दिवस देऊ या ना." त्यांना हा कागद दाखव.

६. दूध आणि जेवण यांच्यात दोन तासांचं अंतर ठेव, दूधभात तर रोजचा नकोच — दुधातलं कॅल्शियम आणि प्रथिनं ताटातलं लोह रक्तात जाऊ देत नाहीत. वरणभात, वर लिंबू.

७. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीच्या डब्यावर लोहाचा आकडा पाहून भुलू नकोस — ते लोह दुधातच कालवलं जातं, आणि त्या गोडीपायी एकाचे दोन पेले होतात.

८. कुणी शेळीचं दूध सुचवेल, हसून मान डोलाव आणि आणू नकोस — त्यात फोलेट फार कमी असतं, त्यावरच वाढवलेल्या बाळाला निराळाच अ‍ॅनिमिया होतो.

माझी आपली एक म्हण आहे, लॅबमध्ये सगळ्यांना पाठ होती: दुधानं पोट बसतं, रक्त उठत नाही.

दुधाचं मी इतकं लावून धरलं, कारण सुखवस्तू घरात निम्मं भांडण तिथेच मिटतं. पण सुरुवात त्याच्याही आधी होते.

९. आईचं दूध मात्र निर्धास्त चालू ठेव — त्यातही लोह थोडंच असतं, पण जे असतं त्यातलं बरंचसं बाळाच्या अंगी लागतं.

१०. सहा महिने पूर्ण झाले की उष्टावण. मामाच्या रजेसाठी, हॉलच्या बुकिंगसाठी थांबायचं नाही — पोटात असताना आईकडून मिळालेला लोहाचा साठा तेव्हा संपत आलेला असतो. हे तुझ्या धाकट्या जावेसाठी लिहितेय. तुझं होऊन गेलं, आणि तू नवव्या महिन्यापर्यंत थांबलीस हे मी तेव्हाही बोलले होते.

११. बाळ दिवस भरायच्या आधी झालं असेल किंवा जन्मतः वजन कमी असेल, तर लोहाचे थेंब कधीपासून द्यायचे हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारायचं — तो साठा भरतो मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, आणि लवकर आलेल्या पाहुण्याला तो मिळालेलाच नसतो.

१२. जावेला आणखी एक सांग: बाळाची नाळ निदान मिनिटभर थांबून बांधाल ना, हे प्रसूतीच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेव — त्या मिनिटात वारेतलं रक्त बाळाकडे जातं आणि पुढच्या काही महिन्यांचं लोह त्यातून मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला तोच आहे.

१३. गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्या "मळमळतं" म्हणून कपाटात ठेवायच्या नाहीत. मळमळत असेल तर डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्यायची — आईचं कपाट भरलेलं राहिलं तर बाळाचं रिकामं राहतं.

आता ताट. तू मला बाळाच्या दिवसाचा आहार लिहून पाठवलास तो वाचला: सकाळी रव्याची खीर, मग दूध-बिस्कीट, दुपारी मऊ भात-तूप, संध्याकाळी साबुदाण्याची पेज, रात्री दूध. कागद पांढरा होता की जेवण, मला कळेना. पांढऱ्या ताटाचं पांढरं लेकरू.

१४. वरणाचं पाणी देऊ नकोस, तळाचं घट्ट वरण दे — डाळ खाली बसते, आणि तुम्ही सगळ्याजणी वरचं पिवळं पाणी चमच्यानं पाजता आणि डाळ स्वतः खाता.

१५. बिस्कीट हा खाऊ आहे, जेवण नाही. आणि "पौष्टिक" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं बिस्कीट तर आधी मागून वाच — मैदा आणि साखर पहिल्या दोन शब्दांत येतात.

१६. सासरेबुवांच्या बशीतला चहा बंद, अगदी बोट बुडवूनसुद्धा — चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, आणि चहा-बिस्किटानं भूकही मरते. हे त्यांना मी सांगू का? सांगते. माझं ऐकतील.

१७. सामिष खाणारं घर आहे तुमचं, मग बाळाला रस्सा आणि बटाटा कशाला? मटण शिजवून बारीक कर, मासा काटे काढून कुस्कर — मटण, चिकन, मासे यांतलं लोह भाजीपाल्यातल्या लोहापेक्षा कितीतरी पटींनी सहज शोषलं जातं, आणि सोबतच्या डाळ-भातातलंही लोह ओढून घेतं. रस्स्यात ते फारसं उतरत नाही.

१८. कलेजी आठवड्यातून एकदा, दोन-तीन चमचे, पूर्ण शिजवून — लोह भरपूर, पण 'अ' जीवनसत्त्वही इतकं की रोज दिलं तर जास्त होईल.

१९. अंडं जरूर दे, पण लोहाचा हिशेब त्याच्यावर ठेवू नकोस — पिवळ्या बलकात लोह दिसतं खरं, पण बलकातलंच एक प्रथिन ते धरून बसतं. सोबत संत्र्याची फोड दे.

२०. तुझ्या मैत्रिणीसारखं शाकाहारी घर असेल तर भिस्त यांच्यावर: मोड आलेली मटकी, हरभरा, कुळथाचं पिठलं, बाजरी, राजगिरा, तीळ, लाल माठ — यांत लोह आहे, पण ते एकट्यानं चालत नाही, त्याला लिंबू लागतं.

२१. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळायचं, फोडणीत नाही — 'क' जीवनसत्त्व आचेवर उडून जातं. आपल्या बायका पोह्यांवर वरून लिंबू पिळत आल्या, चवीसाठीच. पण त्या फोडीनं पोह्यांतलं लोह कामाला येतं. लिंबू नाही आवडत, तर पेरूची मऊ फोड किंवा किसलेला आवळा.

२२. मोड आण, भिजव, आंबव — कडधान्यांत आणि धान्यांत फायटेट असतं, ते लोहाला अडवतं. मोड आले, पीठ आंबलं की ते कमी होतं. आंबोळी आणि इडली म्हणून उगाच आजारी माणसाला देत नाहीत.

२३. नाचणीचं सत्त्व दे, पण "नाचणी दिली म्हणजे लोह झालं" असं समजू नकोस — नाचणीचा खरा गुण कॅल्शियम. शंभर ग्रॅममध्ये लोह साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास, बाजरीत सहाच्या वर. आणि तू ते सत्त्व शिजवतेस कशात? दुधात. शाबास. पाण्यात शिजव.

२४. बीट खायला घाल, हवं तर. रक्त वाढवायला नको — शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं. बिटाचा रंग जिभेला लागतो, रक्ताला नाही.

गुळाचंही तेच. शंभर ग्रॅम गुळात चार-पाच मिलिग्रॅम लोह असेल, पण शंभर ग्रॅम गूळ कोणतं पोर खातं? खाल्ला तर मला दुसऱ्याच रोगाचे कानमंत्र लिहावे लागतील. पालकातलं लोह ऑक्झॅलेटमुळे फारसं हाती लागत नाही. पालक दे, पण रोज पालकाचं सूप पाजून डॉक्टरांना टाळू नकोस.

२५. अळीव मात्र मानाचे. रात्री भिजवून, ओल्या नारळात गूळ घालून दे — कोरडे दाणे घशाला चिकटतात, आणि खीर केलीस तर परत दुधात गेले.

२६. लग्नात मी दिलेली लोखंडी कढई माळ्यावरून उतरव — नॉनस्टिकनं धुणं सोपं झालं, पण आपल्या आज्यांच्या स्वयंपाकात नकळत उतरणारं लोह गेलं. त्यात चिंच-कोकमाचं आंबट वरण किंवा टोमॅटोची भाजी शिजव, शिजली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढ. रात्रभर राहिली तर काळी पडेल, तू घाबरशील, आणि कढई परत माळ्यावर जाईल.

२७. एखादी भाजी थुंकली म्हणून यादीतून काढू नकोस, आठवड्यानं परत दे, मग परत — दहा-पंधरा वेळा चाखल्याशिवाय पुष्कळ मुलं नवी चव स्वीकारत नाहीत. तू स्वतः कारलं कितव्या वर्षी खाल्लंस ते तुझ्या आईला विचार.

२८. मोबाइल लावून घास भरवायचे नाहीत — त्याचं लक्ष पडद्यावर असतं, भूक लागली की संपली हे त्याला कळतच नाही, आणि तुला वाटतं जेवला.

इथपर्यंतचं सगळं लोहाचं. पण रक्त कमी होण्याचं कारण नेहमी लोहच असतं असं नाही, आणि सधन घरातली ही दुसरी कारणं हमखास निसटतात. कारण सगळे म्हणतात, "टॉनिक द्या."

२९. आई पूर्ण शाकाहारी, दूध-दह्याचाही कंटाळा, आणि बाळ वर्षाचं झालं तरी अंगावरच्या दुधावर — अशा बाळाचं बी-१२ तपासून घ्यायचं, कारण ते आईकडे नसलं तर दुधात कुठून येणार? बोटांच्या पेरांवर काळपटपणा, केस विरळ आणि पिंगट, बाळ सुस्त, हसणं कमी, कालपर्यंत बसणारं आज बसेना, हातपाय थरथरणं — यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. इथे लोहाच्या सिरपनं काहीच हलत नाही आणि मेंदूचा वेळ वाया जातो.

३०. लोहाचं औषध महिनाभर नीट देऊनही आकडा जागचा हलला नाही, तर थॅलेसेमिया मायनरची तपासणी करा — पेशी तशाच बारीक दिसतात, पण संख्येनं भरपूर असतात, आणि त्या लोह कमी म्हणून बारीक नसतात. मायक्रोस्कोपखाली दोन्ही बहिणी वाटतात. फरक सांगते एचपीएलसी नावाची तपासणी. सिंधी, लोहाणा, कच्छी, पंजाबी कुटुंबांत हे जास्त सापडतं, पण "आमच्यात नाही" असं म्हणायला कुठल्याही जातीला जागा नाही.

मायनर असलेलं मूल अगदी ठणठणीत जगतं, त्याचं दुःख करायचं नाही. फक्त त्याला उगाच वर्षानुवर्षं लोह पाजायचं नाही आणि घरातल्या सगळ्यांचं एकदा तपासून घ्यायचं. दोघंही आईवडील मायनर असले तर प्रत्येक खेपेला मेजर, म्हणजे गंभीर थॅलेसेमियाचं, बाळ होण्याची शक्यता चारांत एक असते. तुझ्या नणंदेचं लग्न ठरतंय ना? पत्रिकेबरोबर हाही कागद मागवा म्हणावं.

३१. घराण्याची मुळं विदर्भात किंवा नंदुरबारकडे असतील तर सिकलसेलचीही चाचणी सांगून करून घ्यायची — फ्लॅट पुण्यात घेतला म्हणून रक्त पुण्याचं होत नाही.

३२. जंताचं औषध तुमच्याही मुलाला लागतं. सरकारी जंतनाशक दिवस १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला असतो, एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी गोळी — मुलं बागेतल्या वाळूत अनवाणी खेळतात, आणि जंत पत्ता विचारत नाहीत. अर्धी गोळी चुरून पाण्यातून दे, अख्खी घशात अडकते.

३३. झबली-गोधड्या डांबरगोळ्यांत ठेवायच्या नाहीत. ठेवल्या असतील तर आधी धुऊन, उन्हात वाळवून मगच बाळाच्या अंगावर — जी६पीडी नावाचं एन्झाइम काही बाळांत, विशेषतः मुलग्यांत, जन्मतः कमी असतं, आणि त्या वासानं त्यांच्या लाल पेशी भराभर फुटतात. बाळ अचानक पिवळं पडलं, लघवी चहासारखी गडद झाली, तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा.

३४. बाहेरून आणलेला सुरमा, जुन्या वाड्यातल्या खिडकीचा सोललेला रंग, दोन्हींपासून बाळाला लांब ठेव — त्यांत शिसं असू शकतं, आणि शिसं रक्त तयार होऊ देत नाही. लोह कमी असलेलं पोट शिसं आणखी जोरात शोषतं.

३५. शीमध्ये रक्त, डांबरासारखी काळी शी, किंवा महिनोन्महिने जुलाब आणि वजन जागच्या जागी — हे दिसलं तर घरगुती उपाय तिथेच थांबव, कारण भांडं गळत असेल तर भरून उपयोग नाही.

लक्षणांचं थोडक्यात. ज्या लेकराचं रक्त हळूहळू उतरतं ते खेळतं, हसतं आणि तुम्हाला फसवतं.

३६. गुटगुटीत गाल पाहून निश्चिंत होऊ नकोस — दुधानं वजन वाढतं, लठ्ठ मुलांत लोह उलट जास्त वेळा कमी सापडतं.

३७. माती, भिंतीचा चुना, पाटीवरची पेन्सिल, बर्फ चघळतं? रागावू नकोस, रक्त तपास — ती खोड पुष्कळदा लोहाच्या कमतरतेची असते, आणि लोह भरलं की आपोआप सुटते.

३८. रडता रडता श्वास कोंडून निळं पडणारं बाळ हट्टी म्हणून सोडून देऊ नकोस — अशा कितीतरी बाळांत लोह कमी निघतं आणि ते भरून काढल्यावर श्वास कोंडणं कमी होतं.

३९. सारखा सर्दी-ताप, चिडचिड, रात्री पाय झाडणं, भूक नाही — "दात येताहेत" यावर सगळं खपवायचं नाही. लोह कमी असलं की भूक मंदावते, भूक मंदावली की दूध वाढतं, दूध वाढलं की लोह आणखी कमी.

आता माझ्या खात्यातलं, लॅबचं.

४०. वर्षाच्या आसपास एकदा सीबीसी आणि फेरिटिन करून घे, शिरेतून, आणि बाळ ठीक असताना — तापात केलेल्या तपासणीत फेरिटिन खोटंच वाढलेलं दिसतं, आणि लोह कमी असून पुरेसं आहे असं वाटतं.

४१. नुसतं हिमोग्लोबिन वाचून कागद मिटू नकोस, खाली एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) आणि फेरिटिन पाहा — फेरिटिन म्हणजे शिल्लक; ती १२ च्या खाली गेली तर हिमोग्लोबिन अजून पडलं नसलं तरी पडणार आहे. हिमोग्लोबिनची खालची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ पासून दोन वर्षांखालच्या बाळांना १०.५ आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ११ धरली आहे. म्हणजे तुमचं ९.२ हे "थोडंसं कमी" नव्हे.

४२. औषधाची मात्रा बाळाच्या वजनावर ठरते, म्हणून डॉक्टर ठरवतील ती; जावेच्या मुलाची बाटली उचलून तेवढंच पाजायचं नाही — प्रत्येक सिरपमध्ये लोहाचं प्रमाण वेगळं असतं, एकाचा चमचा दुसऱ्याच्या दोन चमच्यांबरोबर जाऊ शकतो.

४३. अंगणवाडी किंवा आशाताईंकडून आठवड्यातून दोनदा द्यायचं १ मिलीचं सिरप मिळत असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घाल — त्या मिलीत २० मिलिग्रॅम लोह असतं, दोन्हीकडून पाजलं तर मात्रेचा हिशेब चुकेल. सरकारी म्हणून फेकून मात्र देऊ नकोस, ते चांगलं असतं.

४४. औषध दुधातून नाही, लिंबाच्या सरबताबरोबर, जिभेच्या मागच्या बाजूला ड्रॉपरनं, आणि नंतर पाण्यानं दात पुसून — दुधात ते वाया जातं, दातांवर काळे डाग पडतात. डाग वरचे असतात, जातात. पण सासूबाईंना औषध बंद करायला तेवढं कारण पुरतं.

४५. शी काळपट-हिरवी झाली तर घाबरू नकोस, ती लोहाची — चिकट आणि डांबरासारखी, दुर्गंधीची असेल तर मात्र वर लिहिलेलं ३५ पाहा.

४६. आकडा वर आला म्हणून आठव्या दिवशी बाटली बाजूला ठेवायची नाही, डॉक्टर सांगतील तितके महिने चालू — आधी रक्त भरतं, शिल्लक मागून भरते. अर्ध्यावर सोडलं तर सहा महिन्यांत परत हाच रिपोर्ट.

४७. लोहाची सगळी औषधं, बाळाची आणि तुझ्या स्वतःच्या गोळ्यांचीही पाकिटं, कुलपात — गोळ्या रंगीत, गोड आवरणाच्या असतात, आणि मूठभर गिळल्या तर लहान मुलाचा जीव जाऊ शकतो. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटीची वाट न बघता पाकीट हातात घेऊन थेट हॉस्पिटल.

४८. महिन्यानं हिमोग्लोबिन परत तपास. निदान एकानं वर आलेलं असायला हवं — नसेल तर विचारायचे प्रश्न तीन: औषध रोज गेलं का, दूध खरंच कमी झालं का, आणि कारण लोहच आहे का. तिसरा प्रश्न डॉक्टरांचा, पहिले दोन तुझे. दुसऱ्याचं उत्तर देताना सासूबाईंना समोर बसव.

नवा रिपोर्ट आला की मला फोटो पाठव, पण डॉक्टरांना दाखवल्यानंतर. आणि पूर्ण पान पाठव गं, गेल्या खेपेला एमसीव्हीची ओळ अंगठ्याखाली गेली होती.